एकाच घडावर भिस्त

‘राजेळी परवडत नाही, जी-नाइनची रोपे लावा, घड मोठा, पैसा रोख,’ असा उपदेश वसईच्या बागायतदाराला केला जातो. या उपदेशातला हिशोब खोटा नाही; तो अपुरा आहे.

जी-नाइन ही कॅव्हेंडिश गटातील जात. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली तिची लाखो रोपे म्हणजे एकाच झाडाच्या प्रतिकृती होत. ती एकदम निसवतात, सारखे घड देतात, म्हणून व्यापाराला सोयीची. परंतु जो रोग एका झाडाला मारतो, तोच साऱ्या बागेला मारतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीवर जगाचा केळीव्यापार उभा होता. पनामा रोगाच्या बुरशीने मध्य अमेरिकेतील मळे उद्ध्वस्त केले आणि १९६०च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आज त्याच रोगाची नवी बुरशी कॅव्हेंडिशवर उलटली आहे; २०१९ मध्ये ती कोलंबियात पोहोचली. ती जमिनीत कित्येक दशके टिकते आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही.

केळी हे व्यापारी पीक, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने आयर्लंड आठवावे. तेथील गरीब कॅथोलिक कुळे ‘लंपर’ या एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होती. १८४५ पासून करप्याने पीक सडले. सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देशोधडीला लागली. त्याच काळात तेथून धान्य मात्र परदेशी जातच होते.

सुधारित वाणांनी १९६०च्या दशकानंतर भारताला परक्या गव्हाच्या परावलंबनातून सोडवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आक्षेप सुधारणेवर नाही. एकावरच विसंबण्यावर आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लहान शेतकऱ्यांच्या विविध शेतीपद्धतींची बाजू घेतली, ती याचसाठी.

आगाशीची सुकेळी राजेळीचीच. राजेळी गेली, तर ती कलाही जाईल. कोणी म्हणेल, राजेळी सांभाळणे हे शेतकऱ्याचे काम. मग तिचे मोल कोणी द्यायचे? मिस्सेत भूमीच्या फळांबद्दल आभार मानायचे आणि बाजारात स्वस्ताच्या मागे धावायचे, ही विसंगती आपलीच आहे. ज्याची वाडी आहे त्याने राजेळीची एक ओळ राखावी. ज्याची नाही त्याने घासाघीस न करता सुकेळी घ्यावी. देवाने सृष्टीत अनेक वाण निर्मिले. त्यांतील एकच राखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?