जहाजाचा तांबडा दिवा

परवां डोळ्यांवर पेटी बांधून आमचे नातू माजघरांत जहाज हांकीत बसले होते. समुद्र नाहीं, लाट नाहीं. तरी खुर्चींत बसल्या बसल्या स्वारी डोलत होती. मंडळी हंसली, पण हीच युक्ति आज आरमारी शिक्षणांत चालते.

वाचकहो, अमेरिकेंत मॉन्टेरे येथें तेथील आरमाराचें पदव्युत्तर विद्यालय आहे. तेथें शिक्षणोपयोगी आभाससृष्टि, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, उभारण्यासाठीं ‘डेल्टा थ्रीडी’ नांवाची सामग्री सिद्ध झाली. दृश्य, पदार्थांच्या गतीचें गणित, ध्वनि, यांपैकीं कांहींच त्यांनीं मुळापासून रचलें नाहीं. ‘ओपन सीनग्राफ’, ‘ओपन डायनॅमिक्स इंजिन’, ‘ओपन एएल’ हीं आधींच तयार असलेलीं सॉफ्टवेअरें घेऊन एका सूत्रांत ओंविलीं. यांत शहाणपण आहे. प्रत्येक कवीनें शब्दकोश स्वतःच रचावा, असा हट्ट कोण धरील?

परंतु कोश घरांत आला म्हणजे काव्य आलें, असें नव्हे. याच आरमारानें २००३ सालीं नव्या अधिकाऱ्यांचें वर्गांतील दीर्घ शिक्षण बंद करून त्यांच्या हातीं संगणकाच्या तबकड्या दिल्या. पुढें वर्ग पुन्हां उघडावे लागले. २०१७ सालीं ‘फिट्झजेराल्ड’ व ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकांची व्यापारी जहाजांशीं टक्कर होऊन १७ खलाशी प्राणांस मुकले. आरमाराच्याच चौकशींत नौकानयनाच्या मूलभूत ज्ञानांतील उणिवा उघड झाल्या. तबकड्यांमुळेंच हें घडलें, असें मी म्हणत नाहीं. पण शिक्षणांत काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, याचा विचार यावरून सुचतो.

लाट, धुकें, रात्र हीं तयार मिळतील, तीं अवश्य घ्यावीं. मात्र धुकें कोणत्या क्षणीं दाटवावें आणि शिष्य चुकल्यावर ‘तूं येथें कां वळलास?’ असें केव्हां विचारावें, हें अनुभवी कप्तानासच ठाऊक. तें बाजारांत मिळत नाहीं.

नातवानें पेटी उतरली तेव्हां मीं विचारलें, “अरे, रात्रीं दूरच्या जहाजाचा तांबडा दिवा दिसला, तर त्याची कोणती बाजू तुझ्याकडे?”

“आजोबा, हा प्रश्न खेळांत नाहीं.”

“डावी,” मी म्हणालों, “उजवीकडचा दिवा हिरवा असतो. आतां पेटी बांध, आणि पुन्हां जहाज हांक.”