मनाचे पासबुक

१८७७ साली बालवयातील नरेंद्र, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, बैलगाडीने रायपूरला येत असता डोंगराच्या कपारीतील प्रचंड मधाचे पोळे पाहून देहभान विसरले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या तन्मयतेची मोजदाद कोणी केली नाही.

आज त्याच रायपूरच्या गजबजलेल्या गुढियारीत दिवसभराचे काम आटोपून कोणी दहा मिनिटे डोळे मिटून बसला, तर त्याच्या मनाची स्थिरता मोजू पाहणारा पट्टा कपाळावर बांधता येतो. २०१४ मध्ये कॅनडातील एका कंपनीने बाजारात आणलेल्या ‘म्यूज’ पट्ट्यात मन भरकटले की वादळवाऱ्याचा आवाज वाढतो. शांत झाले की पाखरे ऐकू येतात.

यंत्र नवे असले, तरी जिज्ञासा जुनी आहे. जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींची पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समाधिस्थ योग्यांच्या संथ ‘अल्फा’ लहरी प्रकाशाने वा आवाजानेही खंडित झाल्या नाहीत. याउलट, १९५५ मध्ये दास व गॅस्तो यांना गाढ ध्यानात वेगवान लहरी आढळल्या होत्या. तेव्हा ध्यानाची एकच ठराविक लहर मानता येत नाही. शिवाय या लहरी इतक्या क्षीण असतात, की पापणी लवली वा जबडा आवळला तरी नोंद बिघडते.

पासबुक शिल्लक दाखविते. बचत मात्र खातेदारालाच करावी लागते. मन भरकटल्याची जाणीव नवख्या साधकाला करून देणे, एवढे काम पट्ट्याने केले तरी पुरेसे आहे. अधिक गुण मिळविण्याची ईर्षा जडली, की ध्यानाचीही परीक्षा होते आणि तीच अशांततेला कारण ठरते. म्हणून काही आठवड्यांनी पट्टा बाजूस ठेवून बसण्याचा सराव करणे श्रेयस्कर. खात्याचा तपशील जपणाऱ्या ग्राहकाने आपल्या मेंदूच्या नोंदी कोठे साठविल्या जातात, हेही खरेदीपूर्वी अवश्य विचारावे.

ध्यानाची खरी जमा मात्र दुसऱ्या दिवशीच्या व्यवहारात दिसते: रांगेत उभे असताना, हिशेब चुकला असताना आणि समोरचा माणूस रागावला असताना.