ॲनच्या घरातलं युद्ध

‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ शाळेत असताना वाचलं. पुढची दोन पुस्तकं कॉलेजात. तिथे ॲनचं आणि गिल्बर्टचं एकदाचं जमलं, म्हणून मी तिला सुखात सोडून दिलं. उरलेली पाच पुस्तकं या पावसाळ्यात वाचली, आणि त्यांतलं ‘रिला ऑफ इंगलसाइड’ मला सगळ्या मालिकेत मोठं वाटलं.

इथे ॲन मागे सरकते. ती आता पन्नाशीला टेकलेली आई आहे. धाकटी लेक रिला पंधरा वर्षांचीही झालेली नसताना, 1914 साली, महायुद्ध पेटतं. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या खेड्यात खंदक कुठून दिसणार? दिसतात ते सैनिकांसाठी विणलेले पायमोजे, वर्तमानपत्र वाचून युद्धनीतीवर बोलू लागलेली घरची सुझन, आणि रिलानं सूपच्या मोठ्या भांड्यात घालून घरी आणलेलं आईवेगळं तान्हं बाळ. मोठा भाऊ जेम आघाडीवर जातो, तेव्हा त्याचा कुत्रा स्टेशनावर मुक्काम ठोकतो आणि येणारी प्रत्येक गाडी बघतो. शाळेत असते तर मी त्या कुत्र्यासाठी रडले असते. आता रडू आलं वॉल्टरसाठी. ॲनचा हा कविता करणारा मुलगा युद्धाच्या ओंगळपणाला घाबरतो, ती भीती स्वतःशी कबूल करतो आणि तरीही जातो. सप्टेंबर 1916 मध्ये, फ्रान्समधल्या कूर्सलेटच्या लढाईत तो मारला जातो.

लेखिका एल. एम. मॉन्टगोमेरी यांचं एक बाळ ऑगस्ट 1914 मध्ये, युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात, मृत जन्मलं होतं. युद्धाची चारही वर्षं त्या रोजनिशी लिहीत होत्या. ‘रिला’ त्या रोजनिशीतूनच उभी राहिली.

ही पुस्तकं लिहिली गेली त्याच क्रमानं वाचावीत, असं माझं ठाम मत आहे. ‘रिला’ 1921 चं. ॲनच्या आयुष्यातली मधली, सुटलेली वर्षं मॉन्टगोमेरीबाईंनी नंतर, 1936 आणि 1939 मध्ये लिहिली. 1939 च्या पुस्तकात छोटा वॉल्टर झोपला आहे आणि खिडकीच्या चौकटीची सावली भिंतीवर क्रूसासारखी पडली आहे. कथेच्या क्रमानं गेलं तर ती पुढची चाहूल ठरते. मला मात्र ती आठवण वाटली. ज्या मुलाला अठरा वर्षांपूर्वी पुरलं, त्याला त्या पुन्हा लहान करून अंथरुणात झोपवत होत्या.

आणि एवढ्यावर संपत नाही. एप्रिल 1942 मध्ये बाई वारल्या, त्या सुमारास एक हस्तलिखित प्रकाशकाकडे पोहोचलं होतं. ते संपूर्ण छापलं गेलं 2009 मध्ये, ‘द ब्लाइथ्स आर कोटेड’ या नावानं. ‘रिला’मध्ये वॉल्टरचं मरण पुढच्या पिढ्यांसाठी होतं. इथे त्या पिढ्या, म्हणजे ॲनची नातवंडं, दुसऱ्या महायुद्धाला निघालेली आहेत. म्हातारी ॲन जेमला सांगते, की वॉल्टर परत आला नाही याचं आता समाधानच वाटतं. त्या आठवणी घेऊन त्याला जगता आलं नसतं. असं बोलणाऱ्या या आईला भेटल्याशिवाय ॲन वाचून झाली, असं मी तरी म्हणणार नाही.