क्रूझ, पोरं आणि उसाचं बिल

उसाचं बिल जमा झालं आणि पारगावहून दादाचा फोन. "मुंबई-गोवा क्रूझचं बघ रे. पोरांना बोट दाखवू. तू कॉम्प्युटरवाला, बुकिंग तूच कर." साइट उघडली, चार नावं टाकली (दादा, वहिनी, सहा वर्षांचा पुतण्या, दीड वर्षाची पुतणी) आणि पैसे भरायच्या पानावर थांबलो. का थांबलो ते लिहितो. ऑफिसातले क्रूझप्रेमी चिडतील. चिडोत बापडे :)

आधी कबुली. क्रूझ वाईट नाही. मुंबईत 2005 मध्ये सुपरस्टार लिब्रा आली, 2018 मध्ये आंग्रिया, 2021 मध्ये कॉर्डेलियाची एम्प्रेस. बॅगा एकदाच उघडायच्या, ड्रायव्हिंग नाही, जेवण तयार. नवीन लग्न झालेल्यांनी, मित्रांच्या टोळक्यांनी खुशाल जावं. माझा वाद लहान पोरांपुरता आहे.

बार, कॅसिनो, रात्रीचे शो. क्रूझ मोठ्यांच्या करमणुकीभोवती रचलेली असते. तुम्ही म्हणाल, किड्स क्लब असतो की! असतो. पण अनेक कंपन्यांची अट असते : मूल तीन वर्षांचं हवं आणि डायपर सुटलेला हवा. रॉयल कॅरिबियन तर सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावरच घेत नाही. म्हणजे आमची धाकटी राहणार कोणाकडे? वहिनींकडेच, आणि तेही छोट्याशा केबिनमध्ये. त्यात बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. कान सांगतो 'हलतंय', बंद खोलीत डोळे सांगतात 'स्थिर आहे', आणि पोटाचा गोंधळ उडतो. म्हणजे थोरल्याचीही खात्री नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. जुन्नर-आंबेगावच्या पोरांचं बालपण सध्या कसं चाललंय ते पुण्यात बसून कळत नाही. दिवस कलला की "आत ये, बिबट्या येईल." उसाकडे जाऊ नको, एकटा अंगणात थांबू नको. ही काही बागुलबुवाची भीती नाही, या पट्ट्यात बिबट्याने मुलं नेली आहेत. जे पोर वर्षभर दाराच्या आत कोंडलेलं असतं, त्याला सुट्टीत न्यायचं कुठे? तर अशा ठिकाणी, जिथे पुन्हा दोन-तीन दिवस ऐकायचं, "रेलिंगजवळ जाऊ नको." समुद्र कित्येक मजले खाली, हात लावायचा नाही. वाळू नाही, शिंपला नाही, भिजणं फक्त क्लोरीनच्या पाण्यात. च्यायला, ही कसली सुट्टी?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा : वहिनींना आराम. शंभर टक्के मान्य. सात वर्षांत त्यांना एकही दिवस सुट्टी नाही. पण दादा, त्यासाठी जहाज कशाला हवं? पोरांना दोन दिवस तू सांभाळलंस तर हा आराम फुकटात मिळतो. स्वयंपाक हॉटेलवाला करेल, धाकटीचे कपडे तू बदल. बापाने मुलं सांभाळायची नाहीत हे आपण गृहीत धरतो, आणि मग त्या सोयीसाठी ऊसाचे पैसे मोजतो.

बोटच दाखवायची ना? माळशेजमार्गे मुंबई गाठ. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो जाते, गाडीसकट. प्रवास साधारण एक तासाचा. तोवर पोरं वरच्या डेकवर वारा खातील, आणि कंटाळा यायच्या आत जमीन लागेल. पुढे अलिबाग. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी चालत जाता येतं. कान्होजी आंग्र्यांचा किल्ला, खाली ओली वाळू, दोन्ही बाजूंना समुद्र. भरतीची वेळ आधी विचारून घ्यायची आणि पाणी चढायच्या आत परतायचं. सहा वर्षांच्या पोराला याहून मोठं साहस कुठलं जहाज देणार? आणि वहिनी तोवर हॉटेलात मस्त झोपल्या तरी चालेल.

असो. दादा, बुकिंगचं पान अजून उघडंच आहे. मुलं मोठी झाल्यावर क्रूझला जाऊ, तिकिटं मी काढतो. या खेपेला मात्र अलिबागच्या हॉटेलचे पैसे भरू का, तेवढं सांग. आणि फोन करशील तेव्हा आधी वहिनींना विचारून कर.