एक थेंब निळा, बाकी अंधश्रद्धा

मंडळी, इकडे टेक्ससमध्ये शिकारीचा मोसम जवळ आला की ऑफिसात एकच चर्चा. रायफलवर नवी दुर्बीण बसवायची आणि दिसेल त्या स्क्रूला निळं लॉकटाइट चोपडायचं. "एखादा थेंब जास्त पडला तर काय बिघडतं?" बिघडतं ना राव! आपली डिग्री मेकॅनिकलची आणि पोट आयटीवर, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवत नाही.

मुळात स्क्रू घट्ट राहतो तो गोंदाने नाही. आवळल्यावर तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणाने. आपण लावलेल्या जोरातला साधारण १० टक्केच भाग त्या ताणात जातो, बाकीचा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो. ओलं लॉकटाइट आट्यांत तेलाचंच काम करतं. घर्षण कमी, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त. व्होर्टेक्स कंपनी रिंगच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड टॉर्क सांगते आणि तिथे लॉकटाइट लावू नका असंही बजावते. दुर्बिणीची नळी ॲल्युमिनियमची, पातळ. जास्त आवळली की चेपते, आतली यंत्रणा अडखळते. मग शिव्या कोणाला? दुर्बिणीला!

म्हणजे लॉकटाइट फालतू का? अजिबात नाही. १९५३ साली हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या व्हर्नन क्रीबल या प्राध्यापकाने शोधलेलं हे रसायन भन्नाटच आहे. हवा असेपर्यंत पातळ, धातूच्या फटीत हवा तुटली की घट्ट. आणि आडव्या हादऱ्यांनी स्क्रू आपोआप सुटतो हे गेरहार्ड युंकरने १९६९ मध्येच दाखवून दिलंय. रायफलवर बेस बसवणारे स्क्रू आखूड, मोजकेच आटे पकडणारे, आणि एकदा बसवले की वर्षानुवर्षं हात न लागणारे. तिथे तेल स्वच्छ पुसून निळ्याचा एक थेंब लावा आणि २४ तास थांबा. लाल मात्र नकोच. तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सियसची आच लागते!

"माझे स्क्रू तर कधीच सुटले नाहीत," हा यावरचा लाडका युक्तिवाद. अहो, पण ते गोंदामुळे की नीट आवळल्यामुळे, हे तपासलंय कोणी? टॉर्क रेंच न घेता गोंद ओतणं म्हणजे एरर आली की रिकामा कॅच ब्लॉक टाकून मोकळं होणं. प्रोग्राम चालल्यासारखा दिसतो, इतकंच.

आणि इथे बग निघाला तर रीस्टार्ट नाही. नेम थोडा सरकला की हरीण जागीच पडत नाही, जखमी होऊन झाडीत जातं आणि तडफडत मरतं. ट्रिगर ओढायची हौस असेल तर स्क्रू मोजून आवळायचा कंटाळा परवडत नाही.