जंजिरा म्हणजे बेट

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला आणि त्याचा अर्थ बेट एवढाच आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याला व्युत्पत्तीच्या तासाला केव्हातरी सांगितले जाते. आपल्या भाषेत मात्र तो रुळला पाण्यातला किल्ला या अर्थाने. बेटावर माणसे राहतात. किल्ला लढवला जातो, घेतला जातो किंवा घेता येत नाही. अर्थाच्या या सरकण्यात मुरुडजवळच्या त्या बेटाचे निम्मे चरित्र आपण गमावले आहे, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्र जंजिऱ्याला गेलो. दादर-परळच्या माणसाला हा प्रवास पाण्यावरूनच सुरू करता येतो. गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँच, पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आणि अखेरीस राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी. परळ, माहीम, वरळी, माझगाव ही एके काळची बेटेच; खाड्या बुजवून ती एकमेकांना जोडली गेली आणि आपण बेटावर राहतो याचा तिथल्या माणसाला विसर पडला. राजपुरीहून निघालेल्या होडीत बसल्यावर तो विसर थोडा दूर होतो. तट जवळ येत जातो, पण त्यात दरवाजा कुठेच दिसत नाही. होडी अगदी भिंतीशी आली की दोन बुरुजांच्या आडून तो अचानक समोर उभा राहतो. लाटेचा अंदाज घेत एकेकाने पायरीवर उतरायचे, बायामुलांना हात द्यायचा, आणि मग होडीवाला वेळ सांगतो: तासाभरात परत या.

त्या तासाभरात आम्हांला जे दाखवले गेले, ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडेल. दरवाज्यावरचे, पंजांखाली हत्ती दाबून धरलेल्या श्वापदाचे शिल्प, कलालबांगडी तोफ आणि तिची भावंडे, बुरुजांची रांग, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. पश्चिमेला समुद्रात शिवाजी महाराजांनी सिद्द्याला शह देण्यासाठी उभारलेला पद्मदुर्ग. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून समुद्रात भर घालून बेटापर्यंत वाट काढण्याचा केलेला प्रयत्न. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच विशेषण येत होते, 'अजिंक्य'. मात्र तटाच्या आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना आधी दिसतात ती घरांची जोती. पडक्या भिंती, कोनाडे, दाराच्या चौकटींच्या रिकाम्या खाचा, वाड्याच्या भिंतीत मुळे रोवून वाढलेली झाडे, मशीद, तलावाच्या उतरत्या पायऱ्या. त्यांच्याविषयी कोणी काही बोलत नव्हते.

परतताना आमच्यापैकी एकाने होडीवाल्याला विचारले, "इथे राहणारी शेवटची माणसं कधी गेली?" त्याने सुकाणूवरचा हात न काढता उत्तर दिले, "एकदम कुठे गेली? शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, बाजार तिकडे. पोरं गेली, मग म्हातारी गेली." आणि पुन्हा तो तोफांकडे वळला.

हे उत्तर ऐकताना आम्हांला सेंट किल्डाची आठवण होणे अपरिहार्य होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिकमध्ये खूप आत असलेला हा एक लहानसा द्वीपसमूह. समुद्रपक्षी, त्यांची अंडी आणि मेंढ्या यांवर तिथली माणसे पिढ्यानपिढ्या जगली. तरुण निघून गेले, आजारपणात मुख्य भूमीची मदत वेळेवर पोचेना, तेव्हा उरलेल्यांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला. आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी, म्हणजे १९३० मध्ये, २९ ऑगस्टला शेवटच्या ३६ जणांना घेऊन सरकारी जहाज निघाले. जाताना त्यांनी घराघरांत बायबल उघडून ठेवले आणि शेजारी ओट धान्याची लहानशी रास ठेवली, असे सांगतात. आज उन्हाळ्यात हवा बरी असेल तर बोटीने तिथे जाता येते, आणि लोक जातात ते त्या रिकाम्या घरांची रांग पाहायला. योगायोग असा की याही नावाचे मूळ एका गैरसमजात आहे. किल्डा नावाचा कोणी संत झालाच नाही.

या बेटावर इंग्रजीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली गेली. १९३७ मध्ये मायकेल पॉवेलने त्या स्थलांतरावरून चित्रपट काढला. त्या ३६ जणांपैकी शेवटची हयात व्यक्ती २०१६ मध्ये वारली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर ते बेट जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे सारे शक्य झाले त्याचे एक कारण, आमच्या मते, ती तारीख आहे. एक दिवस, एक जहाज, मोजता येणारी माणसे. अशा घटनेला आरंभ-मध्य-शेवट आयताच मिळतो आणि लेखकाचे अर्धे काम झालेले असते.

जंजिऱ्याला असा दिवस नाही. संस्थानाची राजधानी किनाऱ्यावर मुरुडला गेली, नवाबाचा राजवाडा तिथल्या टेकडीवर उभा राहिला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि बेटावर राहण्याचे उरलेसुरले प्रयोजनही संपले. मग एकेक चूल विझत गेली. छत्रपतींच्या आरमाराला आणि पुढे पेशव्यांच्या फौजेला जो तट रिकामा करता आला नाही, तो शाळा, दवाखाना आणि बाजार यांनी एकही गोळी न झाडता रिकामा केला. 'अजिंक्य' या विशेषणात ही हकिगत बसत नाही, म्हणून ती सांगितली जात नाही.

येथे कोणी म्हणेल की तारीख नसलेले रितेपण मराठीला लिहिताच येत नाही. ते खरे नाही. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' हे एका कोकणी गावाच्या हळूहळू विस्कटण्याचेच चित्र आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये गिरणी कामगाराचे एक घर आमच्या डोळ्यांदेखत खचत जाते. गिरणी संपाला तारीख आहे, १८ जानेवारी १९८२. पण लालबाग-परळ नेमके कोणत्या दिवशी गिरणगाव राहिले नाही, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि तरीही त्या नाटकाने ते सांगितले. म्हणजे साधन आपल्यापाशी होते. आपण ते जंजिऱ्यावर वापरले नाही, कारण तो आपल्या वर्गवारीत 'घर' या सदरात कधी आलाच नाही. 'पडघवली'च्याच लेखकाने गडकिल्ल्यांवरही आयुष्यभर प्रेमाने लिहिले, आणि दुर्गभ्रमणाच्या लेखनाची एक वाटच पाडली. त्या वाटेने जाणाऱ्यांनी बुरुज, दरवाजे आणि लढाया मन लावून नोंदवल्या. जोती मात्र बहुधा 'अवशेष' या एका शब्दात उरकली गेली.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळता येणार नाही. सेंट किल्डाची माणसे गरीब मेंढपाळ होती. जंजिरा ही सत्तेची जागा होती. सिद्द्यांच्या स्वाऱ्यांनी कोकणातल्या रयतेने जे सोसले, ते बखरींत आणि लोकांच्या आठवणीत आहे. अशा ठिकाणासाठी मराठी लेखकाने हळहळावे का? २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला; त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले आले, जंजिरा आला नाही. ती यादीच मराठ्यांच्या लष्करी वारशाची होती, तेव्हा यात कोणाचेही चुकलेले नाही.

तरीही आम्हांला असे म्हणावेसे वाटते की सत्तेचा हिशेब आणि वस्तीचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. याच बेटावर आधी राम पाटील या कोळी प्रमुखाचा मेढेकोट होता, असे परंपरा सांगते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली माणसे पिढ्यानपिढ्या राहून इथलीच झाली. तलावाच्या पायऱ्या झिजल्या त्या पाणी भरणाऱ्यांच्या पावलांनी, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कधी तोफेला बत्ती दिली नसेल. शत्रूच्या किल्ल्यात घरे होती एवढे मान्य केल्याने आपल्या इतिहासातले काहीही उणे होत नाही. उलट शेकडो माणसांचा संसार केवळ दुसऱ्या बाजूच्या तटात होता म्हणून भाषेबाहेर ठेवला, तर उणी होते ती आपली भाषा.

मराठीच्या विभागांतून दरवर्षी सहली जंजिऱ्याला जातात आणि परतल्यावर विद्यार्थी प्रवासवर्णने लिहितात. शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. या वेळी बेटावरचा तास संपल्यावर राजपुरीत आणि मुरुडात आणखी अर्धा दिवस थांबावे. बेटावरच्या घरांच्या आठवणी किनाऱ्यावरच्या ज्या घरांत अजून निघतात, तिथे विद्यार्थ्यांनी बसावे. पाणी कोण भरायचे, लग्नाचे वऱ्हाड होडीतून कसे यायचे, पावसाळ्यात दुखणेकऱ्याला पलीकडे कसे न्यायचे, निघताना घरातले काय नेले आणि काय ठेवले, एवढेच विचारावे आणि उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. तोफांची मोजदाद पुष्कळ वेळा झाली आहे आणि तोफा कुठे जात नाहीत. आठवणी सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत.