अंदाजे आणि चवीपुरतं

आमच्या घरात वस्तूंच्या दोन जाती आहेत. एक वापरायच्या वस्तू आणि दुसऱ्या ठेवायच्या वस्तू. पाहुण्यांच्या कपबशा, लग्नातला चांदीचा पेला, कुणीतरी परदेशाहून आणलेला साबण, हे सगळं ठेवायच्या जातीतलं. याला माझी कधीच हरकत नव्हती. कपबशी चाळीस वर्षं कपाटात राहिली तरी ती कपबशीच असते. माझी हरकत आहे ती मसाला ठेवण्याला. मसाला ठेवला की तो मसाला राहत नाही, त्याचा भुसा होतो. आणि हा लेख त्या भुशाविरुद्ध आहे. मी कुणाचीही भीडभाड न ठेवता लिहिणार आहे. फक्त आमच्या हिच्या दृष्टीला पडण्याआधी तो छापायला गेला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, गृहस्था, तुला स्वयंपाकातलं काय कळतं? कबूल. चहा आणि पिठलं यांच्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही, आणि पिठल्यात गुठळ्या होतात. पण नाक माझं स्वतःचं आहे. पन्नास-साठ वर्षं मी आमटीचा वास घेत आलो आहे. क्रिकेट पाहणाऱ्याला बॅट धरता आलीच पाहिजे, असा नियम असता तर आपल्या देशात मत द्यायला कोणी उरलंच नसतं.

तर पहिला आरोप काचेच्या बरण्यांवर. आमचं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा एक तरुण मनुष्य फीत घेऊन आला. त्याने शेगडीच्या बरोबर वर एक फळी काढली आणि तिच्यावर बारा काचेच्या बरण्या मांडल्या. हळद, तिखट, धनेपूड, गोडा मसाला, सगळं एका ओळीत, खिडकीतून थेट ऊन. मी विचारलं, ''हे इथेच का?'' तो म्हणाला, ''काका, लुक येतो.'' लुक आला, यात वाद नाही. चार महिन्यांत तिखटाचा रंग विटकरीवर आला, हळद फिकुटली आणि धनेपूड रांधा मारलेल्या फळीखालून गोळा केल्यासारखी दिसू लागली.

यात जादू काहीच नाही. मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं तेल, आणि ते तेल उडून जाणारं असतं. दाताच्या डॉक्टरकडे शिरल्याबरोबर जो वास येतो, तो लवंगेतल्या युजेनॉलचा. दात दाखवायला गेलेल्या माणसाला तो बाहेरच्या बाकड्यापर्यंत येऊन गाठतो, म्हणजे तो किती चपळ आहे बघा. अशा पदार्थाला ऊब, उजेड आणि हवा या तिन्ही गोष्टी एकाच फळीवर पुरवायच्या आणि वर म्हणायचं, ''हल्ली मसाल्याला पूर्वीसारखा वास राहिला नाही!'' स्वयंपाकघरात पाऊल टाकताच घमघमाट सुटला की पाहुणे वाहवा करतात. अहो, तो घमघमाट म्हणजे बरणीतून निघून चाललेला मसाला असतो! जो नाकाला दारातच भेटला, तो आमटीत कुठून भेटणार?

तिखटाची गोष्ट तर आणखी फसवी. मिरचीचा तिखटपणा उडून जात नाही. जातो तो रंग आणि वास. म्हणून जुनं तिखट जिभेला चटका देतं आणि बाईला वाटतं, आहे की अजून चांगलं! काही साहेब निवृत्त झाल्यावर असेच असतात. अधिकार गेलेला असतो, तिखटपणा तेवढा शिल्लक.

आता ज्यांना साठवण कळत होती, त्यांनी काय केलं ते पाहा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळकुंडं भरून वरून तोंड बंद करत. उजेड नाही, हवा नाही. हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राही. 2005 च्या महापुराचं पाणी शिरून त्यातली पुष्कळ पेवं निकामी झाली. पण मुद्दा लक्षात घ्या, व्यापाऱ्याने हळद पुरली ती अख्खी, पूड करून नव्हे. दुसरं उदाहरण वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन मंडळींचं. त्यांचा 'बॉटल मसाला' बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला असतो. रंगीत काच उजेड अडवते आणि ठासून भरल्यामुळे आत हवेला जागा राहत नाही. बिअरच्या बाटलीचा इतका सात्त्विक उपयोग मध्यमवर्गीय मराठी माणसाला सुचला नाही, याची मला खंत आहे. त्याला बाटली विकत घेण्यापासूनच सुरुवात करावी लागली असती.

आमच्या आईची तऱ्हाही हीच होती. चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा, वर झाकण, आत हिंगाचे दोन खडे, आणि जागा माजघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात. रोजच्या डब्यात आठवड्यापुरतं काढायचं. ओला चमचा बरणीत घातलेला तिला दुसऱ्या खोलीतून कळायचा. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मसाला झटकणारी सून तिने पाहिली असती तर (आमच्या हिने हे कधीच केलेलं नाही, असं मला आत्ताच सांगण्यात आलं आहे) तिने जेवण सोडलं असतं. पातेल्याची वाफ बरणीत गेली की गुठळ्या आल्या, आणि मागोमाग बुरशी आली.

दुसरा आरोप 'वर्षाच्या मसाल्या'वर. इथे मला परंपरेच्या अंगावर जायचं आहे, म्हणून जरा घाबरत लिहितो. एप्रिल-मे महिना आला की गच्चीवर मिरच्या पसरायच्या, धने निवडायचे, कांडपवाल्याकडे रांग लावायची आणि आळीभर शिंका, हे सगळं मलाही आवडतं. पण आई वर्षाचा मसाला करायची तेव्हा घरात अकरा माणसं होती, आणि बारावं कुणीतरी जेवायला असायचंच. तो 'वर्षाचा' मसाला दिवाळीलाच तळ दाखवायचा. आज घरात आम्ही तिघं. त्यातला एक रात्री सूप पितो. आणि मसाला मात्र तेवढाच, कारण ''आई एवढाच करायच्या''! अहो, आई अकरा जणांचा कुकर लावायच्या, तो लावता का?

गोड्या मसाल्यात सुकं खोबरं असतं, तीळ असतात, खसखस असते. ही सगळी तेलाची माणसं. पूड झाली की हवेने खवट होतात. अख्खे धने, मिरे, लवंगा अंधारात घट्ट झाकून दोन-तीन वर्षं सुखाने राहतात. म्हणून साठवायचं ते अख्खं साठवा आणि कुटायचं ते दोन-तीन महिन्यांपुरतं कुटा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, कारण दालचिनीला लागणारा वेळ तिळाला दिला तर तीळ कोळसा होतील. भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या. गरम कुटलं की आतल्या आत घाम सुटतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा. भांडं तापलं की वास तिथेच उडाला. हा सगळा खटाटोप फार तर एका सकाळचा आहे. एवढ्या वेळात आपण दूरदर्शनच्या बातम्या पाहून देशाची काळजी करतो, आणि देशाला त्याचा काही उपयोग होत नाही.

''मग पाकिटं काय वाईट?'' असं कुणी विचारील. पाकिटांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते फोडून, कपड्यांचा चिमटा लावून, फ्रिजच्या दारात दीड वर्ष उभ्या केलेल्या पाकिटाशी. आणि खरं सांगायचं तर पाकिटवाला एका बाबतीत आपल्या घरच्यांपेक्षा सज्जन आहे. तो पाठीवर तारीख छापतो आणि आत काय काय आहे तेही सांगतो. आपल्या घरच्या बरणीवर तारीख असते का? आणि आत काय आहे, किती आहे, हे विचारलं तर उत्तर काय मिळतं? ''अंदाजे.''

आता मी मूळ शत्रूकडे आलो. तो म्हणजे हा 'अंदाजे'. आणि त्याचा धाकटा भाऊ 'चवीपुरतं'.

आई 2019 च्या जानेवारीत गेली. तिने शेवटचा मसाला आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केला होता. तिच्या मागे बरणीत तो निम्म्याहून अधिक शिल्लक होता. तेराव्यानंतर हिने ती बरणी उचलली, दादरा नीट बांधला आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून ती बरणी ठेवायच्या जातीत गेली. मीही मधूनमधून कपाट उघडायचो, बरणी तिथेच आहे एवढं बघायचो आणि बंद करायचो. एकदा धाकट्या बहिणीने चार चमचे मागितले, तर मी तिला नाही म्हटलं. सख्ख्या बहिणीला, चार चमचे.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आम्ही ठरवलं, उद्याची आमटी आईच्याच मसाल्याची करायची. बहीण आली होती. हिने दादरा सोडला. तिघांनी आळीपाळीने नाक घातलं. आधी कुणी काहीच बोलेना. मग बहीण म्हणाली, ''दादा, हे खवट झालंय रे.'' खोबरं गेलं होतं. त्याच्यामागे जे काही होतं, ते कशाचा वास हे आठवून आठवून ओळखावं लागत होतं. मी ते तसंच ठेवू म्हणत होतो. हिने ते सगळं बागेतल्या अळ्यात नेऊन ओतलं आणि बरणी घासून उन्हात पालथी घातली. मला त्या वेळी तिचा फार राग आला. आज वाटतं, त्या कपाटासमोर एकटी तीच शुद्धीवर होती.

चार चमचे बहिणीला दिले असते तर तिच्या घरी दोन आमट्या तरी झाल्या असत्या. आईचा मसाला आईच्या लेकीने खाल्ला असता. मी तो जपला, म्हणून तो कुणाच्याच पोटात गेला नाही.

मग प्रश्न आला, आईचा मसाला करायचा कसा? हिने तिच्या हाताखाली तीस वर्षं तो भाजला होता, पण जिन्नस मोजून द्यायची आई. ''आई, धने किती?'' विचारलं की ''अंदाजे गं, तू ढवळ.'' एका रात्री बहिणीला आठवलं, अंदाजे म्हणणारी ही बाई वाण्याचा पैन् पै हिशेब लिहायची! माळ्यावरून वह्या काढल्या. प्रत्येक वर्षाचं एप्रिलचं पान उघडलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. वर्षामागून वर्षं तीच यादी, त्याच क्रमाने. फरक फक्त भावात. धने अर्धा किलो. सुकं खोबरं पाव किलो. तीळ सव्वाशे ग्रॅम. जिरे शंभर. खसखस पन्नास. मिरे, दालचिनी वीस-वीस. दगडफूल पंचवीस. लवंग पंधरा. वेलदोडे, मसाला वेलची, नागकेशर, तमालपत्र, चक्रफूल दहा-दहा. जायपत्री पाच. हळकुंडं तीन, हिंग पंधरा ग्रॅम. कुठला अंदाज नि कुठलं काय! ती बाई औषधविक्रेत्यासारखी मोजत होती आणि आम्हाला अंदाजे म्हणून सांगत होती.

तिने हे मुद्दाम लपवलं, असं मी म्हणणार नाही. तिला हे सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नसावं. आणि आम्ही वही-पेन्सिल घेऊन कधी तिच्यासमोर बसलो नाही. मी कचेरीत पस्तीस वर्षं टाचणीचासुद्धा जावक क्रमांक लिहिला. घरच्या मसाल्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. वाण्याला पैसे द्यायचे होते म्हणून ती राहिली, एवढंच.

त्या यादीवरून आम्ही मसाला केला. निम्म्याच मापाने, कारण आम्ही तिघंच. आईसारखा झाला का? नाही. भाजण्यात काहीतरी राहिलं, आणि ते हिशेबाच्या वहीत नव्हतं. पण आमटी उकळली तेव्हा बहीण बाहेरच्या खोलीतून उठून आत आली. मला तेवढं पुरे होतं.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी दोन ओळींची आहे. आज घरातली प्रत्येक बरणी उघडा, चिमूटभर मसाला तळहातावर चोळा आणि हुंगा. कशाचा वास ते आठवावं लागलं, तर तो गेला असं समजा आणि टाकून द्या. आणि घरातली जी वडीलधारी बाई अजून 'अंदाजे' म्हणते आहे, तिच्या शेजारी वजनकाटा घेऊन बसा. ती चिडेल. चिडू द्या. तिने मुठीने घातलं की आधी मूठ काट्यावर रिकामी करा, आकडा लिहा, मग परातीत टाका. बरणी कुणाचीच टिकत नाही. प्रमाण टिकतं.

इथवर लिहून मी चहा प्यायला उठलो, तेवढ्यात हिने मागून येऊन सगळं वाचलं असावं. कारण परत आलो तर ही टेबलाशी उभी.

''दगडफूल पंचवीस लिहिलंय तुम्ही. आपण हल्ली एवढं नाही घालत.''

मी तत्परतेने पेन उघडलं. ''मग किती घालतेस?''

''ते काय सांगायचं? अंदाजे.''